आधी यादी, मग कुपन: मराठवाड्यातील घरांसाठी किराणा बचतीची पद्धत

किराणा मालावरील कुपने, सवलतीचे कोड, कॅशबॅक आणि ‘एकावर एक’ अशा योजना आता केवळ मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील मोठ्या दुकानांत त्या आहेतच, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाच्या फोनवरही त्या रोज येऊन पडतात. अडचण अशी की, कुपनांविषयी जो सल्ला सर्वत्र दिला जातो तो सगळा किराणा पाकिटातूनच विकत घेणाऱ्या घराला समोर ठेवून दिलेला असतो. मराठवाड्यातील बहुतेक घरांचा किराणा तसा नसतो. ज्वारी, गहू, तुरीची व हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, गूळ, हळद, लाल मिरची यांचा मोठा भाग स्वतःच्या शेतातून, मोंढ्यातून किंवा आठवडी बाजारातून सुटा येतो, आणि त्यावर कुपन नसते. कुपन चालते ते तेल, चहा, साबण, धुण्याची पावडर, बिस्किटे, टूथपेस्ट अशा पाकीटबंद वस्तूंवर. त्यामुळे बचतीचे काम दोन भागांत करावे लागते: सुटा माल हंगाम पाहून घ्यायचा आणि पाकीटबंद माल कुपन पाहून घ्यायचा. या दोन्ही कामांच्या आधी घरात नेमके काय आणि किती लागते हे माहीत असले पाहिजे. ते माहीत नसेल तर कुपन हे खर्च वाढवण्याचेच साधन ठरते.

घराचा खरा वापर लिहून काढणे

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. मागील तीन महिन्यांची बिले, दुकानदाराच्या खातेवहीतील आपले पान आणि फोनमधील यूपीआयच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक वस्तू महिन्याला किती लागली ते लिहावे. तीन महिने अशासाठी की, एखाद्या महिन्यात सणवार असतो, पाहुणे असतात, लग्नकार्य असते, आणि त्या एका महिन्यावरून काढलेला अंदाज चुकतो. यादीत रुपये नव्हे, तर परिमाण लिहावे: तेल ४ किलो, चहा पावडर ७५० ग्रॅम, अंगाचा साबण ६ वड्या, धुण्याची पावडर २ किलो, अशा रीतीने. रुपयांचा आकडा भावाबरोबर बदलतो, परिमाण फारसे बदलत नाही.

यादी तयार झाली की तिचे तीन गट करावेत. पहिल्या गटात हंगामात एकदम भरून ठेवता येणारा सुटा माल, दुसऱ्यात रास्त भाव दुकानातून मिळणारे धान्य आणि तिसऱ्यात दर महिन्याला लागणारा पाकीटबंद माल. कुपनांचा विचार फक्त तिसऱ्या गटासाठी करायचा आहे. समजा, एखाद्या घराचा महिन्याचा किराणा ८,००० रुपयांचा आहे आणि त्यातील पाकीटबंद माल ३,००० रुपयांचा आहे. नेटाने कुपने वापरून त्यावर सरासरी दहा टक्के वाचले, तरी ती बचत महिन्याला ३०० रुपये होते. वर्षाचे ३,६०० रुपये ही लहान रक्कम नाही. मात्र ‘किराणा निम्म्यावर आणा’ अशा जाहिरातींवर विसंबून कोणी या कामाला लागू नये.

दरवही: एका किलोचा भाव काढण्याची सवय

संपूर्ण पद्धतीत सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे दरवही. साधी शंभर पानी वही पुरते. एका पानावर एक वस्तू घ्यावी आणि तारीख, दुकान, पाकिटाचे वजन, दिलेली किंमत आणि त्यावरून निघणारा एका किलोचा किंवा एका लिटरचा भाव असे पाच रकाने आखावेत. दोन-तीन महिन्यांत प्रत्येक वस्तूचा नेहमीचा भाव आणि कमीत कमी भाव आपोआप डोळ्यांसमोर येतो. एखादी सवलत खरी आहे की केवळ छापील किंमत फुगवून दाखवलेली आहे, हे या वहीशिवाय ठरवता येत नाही, कारण आपली तुलना छापील किमतीशी नसते. आपण ती वस्तू एरवी ज्या भावाने घेतो, त्या भावाशी ती करायची असते. कमाल किरकोळ किंमत ही नावाप्रमाणेच कमाल आहे. तिच्यापेक्षा कमी भावाने विकण्यास दुकानदाराला मुभा आहे आणि मोठी दुकाने अनेक वस्तू रोजच तशा विकतात. तेव्हा ‘छापील किमतीवर १० टक्के सूट’ देणारे कुपन आणि शेजारच्या दुकानातील रोजचा भाव हे पुष्कळदा एकच निघतात.

एककाचा भाव काढणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चहा, बिस्किटे, तेल, पीठ अशा वस्तूंसाठी ठरवून दिलेल्या वजनांच्या पाकिटांची सक्ती काढून टाकली. त्यामुळे एक किलोच्या जागी ९०० ग्रॅम किंवा ८५० ग्रॅमचे पाकीट तेवढ्याच आकारात दिसू शकते. त्याच दुरुस्तीने उत्पादकावर एककाचा विक्री दर छापण्याचे बंधन घातले. पाकीट एक किलोपेक्षा कमी असेल तर एका ग्रॅमचा, आणि त्याहून मोठे असेल तर एका किलोचा दर किमतीजवळ बारीक अक्षरात छापलेला असतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. अनेक वृद्ध माणसांना ती अक्षरे वाचता येत नाहीत. त्यांच्यासोबत बाजारात जाणाऱ्याने हे काम आपल्याकडे घ्यावे.

तेलाच्या डब्याचे उदाहरण पाहू, कारण मराठवाड्यात डब्याने तेल घेणारी घरे पुष्कळ आहेत. बाजारात १५ किलोचा आणि १५ लिटरचा असे दोन्ही डबे मिळतात आणि ते दिसायला जवळपास सारखे असतात. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते. समजा, १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि १५ लिटरचा डबा कुपन लावून २,१३० रुपयांना मिळतो आहे. पहिल्याचा किलोचा भाव १५० रुपये होतो आणि दुसऱ्याचा १५६ रुपये. १२० रुपयांनी स्वस्त वाटणारा डबा किलोमागे सहा रुपयांनी महाग आहे, आणि हे कुपनावर कोठेही लिहिलेले नसते.

याच्या उलटही घडते. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते, हा समज दरवही ठेवल्यावर टिकत नाही. समजा, चहाचे एक किलोचे पाकीट ५२० रुपयांना आणि पाव किलोचे १४० रुपयांना आहे. पाव किलोचा भाव किलोला ५६० पडतो. पण लहान पाकिटावर १५ रुपयांचे कुपन असेल, तर ते १२५ रुपयांना, म्हणजे किलोला ५०० रुपयांनी पडते. शाम्पूच्या बाबतीतही पुड्यांची लडी बाटलीपेक्षा स्वस्त पडण्याचा अनुभव अनेकांना येतो. मिलिलिटरचा भाव काढून खात्री करावी.

‘२० टक्के जादा’ आणि ‘२० टक्के सूट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किलोच्या किमतीत १,२०० ग्रॅम मिळाले तर प्रत्यक्ष सवलत १६.६७ टक्के असते. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे ३३ टक्क्यांच्या आसपास आणि ‘एकावर एक’ म्हणजे ५० टक्के. पण घेतलेले सर्व नग मुदतीच्या आत वापरले गेले तरच.

वहीत जुने भाव असतील तर एक तारीख लक्षात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तसेच तूप व लोणी यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. धुण्याच्या पावडरीवर मात्र १८ टक्के कर कायम राहिला. त्या तारखेपूर्वीचा भाव धरून आजची सवलत मोजली, तर करातील कपात आणि कुपनाची सूट यांची गल्लत होते.

ज्या मालावर कुपन नाही, तो केव्हा घ्यावा

सुट्या मालाची बचत हंगामात असते. नवी तूर डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत बाजारात येते, हरभरा आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये, आणि वसमत परिसरातील हळद मार्चनंतर. लातूर हे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र आहे. तेथील गंजगोलाई असो, नांदेड-जालन्याचा मोंढा असो की संभाजीनगरची जाधववाडी असो, आवक वाढलेली असताना घाऊक विक्रेत्याकडून कट्ट्याने घेतलेली डाळ आणि गल्लीतील दुकानातून महिन्याला दोन किलो घेतलेली डाळ यांच्या भावातील फरक अनेकदा कुपनाच्या सवलतीपेक्षा मोठा असतो. आवक असतानाही भाव उतरतोच असे नाही. पीक हातचे गेलेल्या वर्षी तो चढाच राहतो, म्हणून येथेही दरवही पाहूनच निर्णय घ्यावा.

कराचाही विचार करावा. १८ जुलै २०२२ पासून धान्य, डाळ आणि पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटांवर ५ टक्के कर आहे. सुट्या मालावर आणि २५ किलोपेक्षा मोठ्या पोत्यावर तो नाही. तांदळाची २६ आणि ३० किलोची पोती बाजारात दिसतात, त्यामागे हे एक कारण आहे. पाकीटबंद डाळीवर पाच टक्क्यांचे कुपन मिळाले, तर त्याने जेमतेम हा कर भरून निघतो.

रास्त भाव दुकानातील हक्काचे धान्य सोडू नये. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला ५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ऊसतोडीसाठी बीड किंवा धाराशिवहून सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे की, ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे ते धान्य मुक्कामाच्या गावी, अगदी कर्नाटकातही, अंगठा लावून उचलता येते. या हक्कापुढे कोणत्याही ॲपचे कुपन किरकोळ आहे.

हंगामात भरलेला माल टिकला नाही तर सगळा हिशेब वाया जातो. डाळ व धान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर, कोरड्या कोठीत भरावे. तुरीला एरंडेल चोळण्याची आणि धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. काही घरांत धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा त्याने जीव जाऊ शकतो. त्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत, मग कितीही धान्य किडले तरी चालेल.

कुपने कोठे शोधावीत

आता तिसऱ्या गटाकडे येऊ. पाकिटावरची सवलत सर्वांत सोपी असते: ‘इतके रुपये कमी’, ‘जादा वजन’ किंवा सोबत मोफत वस्तू. तिच्यासाठी फोन लागत नाही, म्हणून खेड्यातील घरालाही ती तितकीच उपयोगी आहे. काही पाकिटांच्या आत कोड असलेली चिठ्ठी असते. ती फेकून देण्यापूर्वी तिच्यावरील मुदत आणि अट वाचावी. मोफत बादली किंवा डबा मिळतो म्हणून घेतलेल्या पावडरीचा किलोचा भाव मात्र अवश्य काढावा. बादलीची खरोखर गरज असेल तरच तिची किंमत हिशेबात धरावी.

मोठ्या दुकानांची सदस्यता कार्डे आणि त्यांवरील गुण हा दुसरा स्रोत आहे. येथे एकच प्रश्न विचारावा: शंभर रुपयांच्या खरेदीवर मिळणाऱ्या गुणांची रुपयांत किंमत किती? ती २५ पैसे असेल तर सवलत पाव टक्का आहे, आणि पाव टक्क्यासाठी महाग दुकानात जाण्यात काही अर्थ नाही. काही दुकाने कुपने देतच नाहीत आणि छापील किमतीपेक्षा रोजच कमी भाव ठेवतात. अशा दुकानाचा भाव दरवहीत पायाभूत भाव म्हणून लिहून ठेवला, तर बाकी सर्व सवलती त्याच्याशी ताडून पाहता येतात.

तिसरा स्रोत घरपोच माल देणारी ॲप. आपल्या पिनकोडवर कोणते ॲप माल पोहोचवते ते प्रथम तपासावे. शहरात चालणारी सेवा तीस किलोमीटरवरील गावात चालेलच असे नाही. चौथा स्रोत बँकेच्या कार्डावरील तात्काळ सूट आणि यूपीआयवरील कॅशबॅक. तात्काळ सूट बिलातूनच वजा होते, म्हणून ती अधिक भरवशाची. कॅशबॅक पुष्कळदा ॲपच्या वॉलेटमध्ये जमा होतो, त्याला मुदत असते आणि तो पुढच्या खरेदीलाच वापरता येतो. तो हातात पडेपर्यंत बचत म्हणून लिहू नये. स्क्रॅच कार्डातून मिळणारी इतर कंपन्यांची कुपने तर हिशेबात धरूच नयेत. ज्यांच्या नोकरीत जेवणाचे कुपन किंवा कार्ड मिळते, त्यांनी ते किराणा दुकानात चालते का, हे विचारून घ्यावे. काही कार्डे खाद्यवस्तूंसाठी तेथे चालतात.

अटी वाचणे

कुपन लावण्यापूर्वी पाहाव्यात अशा अटी अनेक असल्या तरी नुकसान मुख्यतः दोन अटींमुळे होते: किमान खरेदी आणि सवलतीची कमाल मर्यादा. समजा, यादीप्रमाणे ६४० रुपयांचा माल हवा आहे आणि ‘७९९ रुपयांच्या खरेदीवर ७५ रुपये सूट’ असे कुपन आहे. ते मिळवण्यासाठी १५९ रुपयांचा नको असलेला माल घेतला, तर प्रत्यक्षात ७२४ रुपये द्यावे लागतात. म्हणजे ७५ रुपये वाचले असे वाटत असताना घरातून ८४ रुपये जास्त गेलेले असतात. यावर योग्य मार्ग एकच: पुढच्या महिन्याच्या यादीतील, टिकणारी आणि नक्की लागणारी वस्तू, म्हणजे मीठ, साबण किंवा धुण्याची पावडर, आताच घेऊन किमान रक्कम पूर्ण करावी आणि पुढच्या महिन्याच्या यादीतून ती खोडावी. तसे करता येत नसेल तर कुपन सोडून द्यावे.

कमाल मर्यादेचे गणित सरळ आहे. ‘२० टक्के सूट, कमाल १०० रुपये’ असेल, तर ५०० रुपयांपर्यंतच वीस टक्के मिळतात. २,००० रुपयांच्या खरेदीवर ती सूट ५ टक्क्यांवर येते. अशा वेळी मोठी खरेदी ५००-५०० च्या भागांत करता येते का, हे पाहावे. बहुधा ‘एका ग्राहकाला एकदाच’ अशी अट असते, पण घरातील दोन व्यक्तींची स्वतंत्र खाती असतील तर ती रास्तपणे वापरता येतात. खोटी खाती काढून पहिल्या खरेदीचे कुपन वारंवार घेणे मात्र अप्रामाणिकपणा आहे, आणि त्याने मूळ खातेही बंद होऊ शकते.

याशिवाय मुदत, पैसे भरण्याचा ठरावीक मार्ग, तेल-साखर-पीठ अशा वस्तू वगळलेल्या आहेत का, आणि माल परत केल्यास कुपन पुन्हा मिळते का, एवढे पाहावे. तेल व साखर वगळलेले असणे फार सामान्य आहे. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, पिशवीचे शुल्क वाढलेले असते. तुलना नेहमी त्या शेवटच्या आकड्याची करावी. शहरातील मोठ्या दुकानात एसटीने जायचे असेल तर जाण्यायेण्याचे भाडेही खर्चात धरावे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट लागते, त्यामुळे महिन्यातून एक फेरी परवडते. दर आठवड्याची फेरी क्वचितच परवडते.

एकाच खरेदीवर अनेक सवलती लावण्याचा क्रम

एकाच वस्तूवर दुकानाची सूट, कुपन आणि बँकेची सूट एकत्र चालत असतील, तर खरी बचत होते. समजा, साबण-पावडरीच्या खरेदीची छापील किंमत ५०० रुपये आहे. दुकानाने १० टक्के कमी केले की ४५० राहतात, ४० रुपयांचे कुपन लावले की ४१० आणि कार्डावर १० टक्के तात्काळ सूट मिळाली की ३६९. एकूण १३१ रुपये, म्हणजे सव्वीस टक्क्यांहून थोडे अधिक वाचले. टक्केवारींची बेरीज करून अंदाज बांधू नये, कारण प्रत्येक पुढची सूट उरलेल्या रकमेवर लागते. असा योग दिवाळीच्या आधी, तसेच पगाराच्या सुमारास महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अधिक वेळा येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचे पैसे हाती येतात, तेव्हा शेतकरी घरांनी वर्षभराचा साबण व पावडर अशा योगावर घेणे फायद्याचे ठरते. मात्र पाकिटावरील मुदत पाहावी. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची असते, तर ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटल्यावर खाद्यवस्तू वापरूच नये. मराठवाड्यातील एप्रिल-मेचा उन्हाळा लक्षात घेता तेल आणि बिस्किटे दोन महिन्यांपेक्षा अधिक साठवू नयेत, असे माझे मत आहे.

क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण भरता येत नसेल, तर कार्डावरील सूट घेऊच नये. थकलेल्या रकमेवरील व्याज सूट खाऊन टाकते.

ओळखीचा दुकानदार आणि बचत गट

गल्लीतील किराणा दुकानदाराकडे छापील कुपन नसते, म्हणून त्याच्याकडे सवलत नसते असे मानण्याचे कारण नाही. कंपन्या दुकानदारांना ‘स्कीम’ देतात: डझनावर एक नग फुकट, पेटीवर ठरावीक रक्कम कमी, असे तिचे स्वरूप असते. महिन्याची पूर्ण यादी एकदम आणि रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाईकाने ‘भाऊ, यावर काही स्कीम आहे का?’ असे मोकळेपणाने विचारले, तर अनेक दुकानदार तिचा काही भाग देतात. उधारीवर माल घेताना असे विचारता येत नाही, आणि उधारीच्या मालाला बहुधा पूर्ण छापील किंमत लागते. आजारपणात, दुष्काळाच्या वर्षी हाच दुकानदार खाते चालू ठेवतो, हेही खरे आहे. म्हणून माझा सल्ला असा की, सगळी खरेदी ॲपवर नेऊ नये. जेथे भावात मोठा फरक आहे तेवढ्याच वस्तू बाहेरून घ्याव्यात आणि जमेल तसे खाते हळूहळू रोखीवर आणावे.

गावातील बचत गटांना एक मोठी संधी आहे. दहा-बारा घरांची यादी एकत्र केली की साबणाची, चहाची पूर्ण पेटी आणि डाळीचा, तांदळाचा पूर्ण कट्टा घाऊक भावाने घेता येतो, आणि मोंढ्यापासूनचे टेम्पोचे भाडे वाटून जाते. पैसे आधी जमा करावेत, बिल गटाच्या नावे घ्यावे आणि वाटप सर्वांसमोर वजनकाट्यावर करावे. दर महिन्याला पैसे भरून दिवाळीला किराणा देणाऱ्या खासगी भिशीत मात्र, लेखी पावती व मालाची वजनासह यादी मिळाल्याशिवाय, पैसे गुंतवू नयेत.

फसवी कुपने आणि तक्रार

सणाच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मोठ्या दुकानांच्या नावाने मोफत किराण्याचे कुपन फिरते. लिंक उघडून माहिती भरा आणि ती वीस जणांना पाठवा, असे त्यात सांगितलेले असते. खरे कुपन कधीही इतरांना संदेश पाठवण्याची अट घालत नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे जाणार आहेत, एवढे घरातील प्रत्येकाला, विशेषतः नव्याने फोन वापरू लागलेल्या आई-वडिलांना, सांगून ठेवावे. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक.

ॲपने न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, शेवटी अचानक शुल्क वाढवणे, ‘केवळ पाच मिनिटे शिल्लक’ अशी खोटी घाई दाखवणे, या प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मनाई केली आहे. पुरेसा माल नसताना आकर्षक भावाची जाहिरात करणे आणि ‘मोफत’ म्हणून त्याचे पैसे घेणे हेही जून २०२२ च्या तत्त्वांत बसत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त आकारले, त्या किमतीवर वेगळा कर लावला किंवा चालू मुदतीचे कुपन कारण न देता नाकारले, तर प्रथम दुकानाच्या व्यवस्थापकाकडे बिल आणि कुपन दाखवून मागणी करावी. बिल देण्यास नकार देणे हीच मुळात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तेथे दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वजन, माप किंवा छापील किमतीचा प्रश्न असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयातही अर्ज देता येतो. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. तक्रारीसोबत बिल, पाकिटाची किंमत व वजन असलेली बाजू, कुपनाचे आणि त्याच्या अटींचे छायाचित्र जोडावे. म्हणूनच मोठ्या खरेदीचे पाकीट आणि बिल माल वापरून संपेपर्यंत जपून ठेवावे.